अनुशेष पैशात संपतो, शेतात नाही

‘जिथून कर जास्त जमतो तिथेच सरकारने पैसा घालावा’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. कर जमतो कारण तिथे रस्ते, वीज, पाणी आधी पोहोचलं, आणि ते सगळ्या राज्याच्या पैशातून पोहोचलं.

राज्याच्या सरासरीपेक्षा मागे राहिलेल्या भागांना त्या सरासरीपर्यंत आणायला लागणारा खर्च म्हणजे अनुशेष. राज्यातला असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये महाराष्ट्राचा हा अनुशेष मोजला, तो सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. पुढे १९९४ची स्थिती धरून पुन्हा मोजला तर १४,००० कोटींच्या वर, त्यातला निम्म्याहून अधिक एकट्या सिंचनाचा. किमती वाढल्या हे खरं, पण तेवढ्यावर भागत नाही. खरी मेख हिशेबाच्या पद्धतीत आहे. निधी खर्ची पडला की कागदावर आर्थिक अनुशेष भरून निघतो. प्रत्यक्षात मुख्य कालवा खोदून तयार असतो, त्यातून फुटणारे छोटे कालवे, म्हणजे वितरिका, अर्धवट, आणि थेट शेतात पाणी नेणाऱ्या शेतचाऱ्यांचा पत्ताच नाही. शेतकरी कालव्याच्या काठावर उभा राहून पाणी बघतो आणि हरभरा विहिरीच्या भरवशावर पेरतो.

विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी नेमलेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, तेव्हा यावर लक्ष ठेवणारी घटनात्मक यंत्रणाही गेली. म्हणून माझी मागणी साधी आहे: दरवर्षी अर्थसंकल्पासोबत तालुकावार भिजलेलं क्षेत्र मांडा, नुसता खर्च नको.