शब्दचर्चा: ‘अमेझिंग ग्रेस’च्या गोष्टीतलं ‘तारण’

प्रश्न : ‘अमेझिंग ग्रेस’ या इंग्रजी भक्तिगीताबद्दल एका लेखात वाचलं, की ते लिहिणाऱ्या जॉन न्यूटनचं समुद्रातल्या वादळात ‘कृपेने तारण झालं’. माझी नोकरी बँकेत. तारण म्हटलं की आधी सोनं नाहीतर घराची कागदपत्रं डोळ्यांपुढे येतात. इथे अर्थ काय घ्यायचा?

उत्तर : ‘देव तारी त्याला कोण मारी’ यातल्या ‘तारणे’वरून घ्या. मराठी बायबलात येशू ‘तारणारा’ आहे. चर्चमध्ये ‘माझं तारण झालं’ म्हणतात तेव्हा नुसता जीव वाचला असं नसतं. पापातून सुटका झाली, असा त्याचा अर्थ. त्यामुळे लेखातलं वाक्य मला सैल वाटतं. वादळातून न्यूटन बचावला एवढंच खरं.

आणखी एक : त्या वादळाचा तपशील मजेदार आहे. मार्च 1748, उत्तर अटलांटिक, जहाजाचं नाव ‘ग्रेहाउंड’. एका बाजूच्या फळ्या फुटून पाणी आत आलं. खलाशांनी भोकांत कपडे, अंथरुणं कोंबून वरून फळ्या ठोकल्या. जहाजात माल होता मधमाश्यांचं मेण आणि हलकं लाकूड, म्हणून ते तरंगत राहिलं. न्यूटन बोलून गेला, ‘एवढ्यानेही भागलं नाही, तर देवच आपल्यावर दया करो.’ आणि स्वतःच चपापला, कारण तोवर देवाची टवाळी करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

इथे शब्द ‘दया’ आहे, हे बघा. दया म्हणजे शिक्षा टळणं. गीतात आली ती ‘कृपा’ (इंग्रजीत ‘ग्रेस’): लायकी नसताना पदरात पडलेलं दान. बायबलातल्या इफिसकरांस पत्रात (2:8-9) तेच सांगितलंय, तारण कृपेने होतं, कर्मांनी नाही.

प्रश्नकर्ता : पण हा माणूस तर गुलामांचा व्यापार करायचा ना?

उत्तर : करायचा, आणि वादळानंतरही करत राहिला. 1750 ते 1754 गुलामवाहू जहाजांचा कप्तान होता. सोडलं तेही आजारपणामुळे. त्या काळात आपण खऱ्या अर्थाने विश्वासी नव्हतो, असं त्याने पुढे स्वतःच लिहिलंय. 1764मध्ये तो इंग्लंडमधल्या ओल्नी गावी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू झाला. हे गीत तिथलं, 1 जानेवारी 1773च्या उपासनेसाठी रचलेलं. 1779मध्ये छापलं गेलं. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याची जाहीर पुस्तिका निघाली थेट 1788मध्ये. वादळाला 40 वर्षं झाली होती! म्हणून ‘कृपा झाली, सगळं माफ’ असा सोयीचा अर्थ काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. कृपा आधी मिळते. माणूस बदलायला मात्र वेळ लागतो.

प्रश्नकर्ता : मग ‘अनुग्रह’ म्हटलं तर? ‘कृपा’ आता ‘तुमच्या कृपेने बरं चाललंय’ इतकी स्वस्त झालीय.

उत्तर : नको. अनुग्रह म्हटलं की गुरू, मंत्र, दीक्षा आलीच. मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी ‘कृपा’च आहे, तीच ठेवा. आणि लेखात चालही न्यूटनचीच म्हटली असेल, तर ते खोडा. आज सगळे गातात ती चाल या शब्दांना 1835मध्ये अमेरिकेत जोडली गेली. न्यूटन 1807मध्येच वारला होता.