ऑटोमॅटिक घ्यायची तर टॉर्क कन्व्हर्टरच, आणि ऑइल गाडीच्या मॅन्युअल पुस्तिकेतलंच. कुणाला पटत नसेल तर बोला

सातारकर_पुण्यात
दहा वर्षं मॅन्युअल गिअरची गाडी चालवली, आता डावा गुडघा बोलायला लागलाय. वाघोली ते हिंजवडी रोज जाऊन येऊन तीन-साडेतीन तास जातात, आणि दर पंधरवड्याला सातारा, म्हणजे खंबाटकी घाट आलाच. बजेट बारा लाख. चार गाड्या चालवून बघितल्या आणि माझं मत पक्कं झालं की एएमटी म्हणजे मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच आपल्याऐवजी एक मशीन दाबतं आणि आपण प्रत्येक गिअरला नमस्कार करत पुढे जातो. सीव्हीटी (गिअरऐवजी पट्टा-पुलीवाली) नुसती ओरडते. ड्युअल क्लच ट्रॅफिकमध्ये तापतो. उरला टॉर्क कन्व्हर्टर, दोन पंखे समोरासमोर आणि मधे तेल, गाडी सुटताना झिजायला घर्षणाचा क्लचच नाही (लॉकअप क्लच असतो, माहितीये, पण तो गाडी सुटल्यावर लागतो).

दुसरं म्हणजे ऑइल. गेल्या महिन्यात जुन्या गाडीची सर्व्हिसिंग जवळच्या एका गॅरेजात केली. मॅन्युअल पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० तेल लिहिलंय, बिलावर बघतो तर २०डब्ल्यू-५०, म्हणजे बरंच जाड! विचारलं तर म्हणे "उन्हाळा आलाय साहेब, पातळ तेल जळून जातं". तेव्हापासून सकाळी स्टार्ट केली की तीन-चार सेकंद इंजिनातून टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) टकटक येते, आधी कधीच नव्हती. हे लोक मॅन्युअल वाचतच नाहीत का?

एएमटी_समर्थक
साफ असहमत. २०१६ पासून एएमटी वापरतोय, ९० हजार किमी झाले. २०१४ ला मारुतीची एएमटी सेलेरिओ आली म्हणून तर आपल्यासारख्यांना ऑटोमॅटिक परवडायला लागली, नाहीतर त्याआधी ऑटोमॅटिक म्हणजे डॉक्टर लोकांची गाडी. मॅन्युअलपेक्षा पन्नास-साठ हजार जास्त, अ‍ॅव्हरेज जवळपास तेवढंच. नमस्कार करायला लावते हे खरं, पण गिअर बदलायच्या वेळी अ‍ॅक्सिलरेटर जरा सैल सोडायचा, आठ दिवसांत पायाला आपोआप कळतं. आणि घाटात मॅन्युअल मोड दिलेला असतो तो काय शोभेला आहे का?

सातारकर_पुण्यात
दादा क्लच बदलला का कधी?

एएमटी_समर्थक
एकदा, ७२ हजाराला. मॅन्युअलचाही साधारण तेव्हाच जातो की.

घाटमाथा
एएमटीवाल्यांनी एक गोष्ट कबूल करावी. खंबाटकीत पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे एसटी, चढ, आणि गाडी एकेक फूट सरकतेय. अशा वेळी बहुतेक जण ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवरच गाडी धरून ठेवतात. एएमटीत याचा अर्थ क्लच अर्धा लागलेला आणि सतत घासतोय. एकदा मित्राच्या गाडीत तो वास घेतलाय, करपलेल्या रबरासारखा, आणि डॅशबोर्डवर वॉर्निंग. तिथे ब्रेकवरच थांबायचं हे शोरूमवाला सांगत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हीच चूक केली तर तेल तापतं, पण झिजत काही नाही.

गोदाकाठ
सीव्हीटीला एका वाक्यात निकालात काढलंत? मी नाशिकला पाच वर्षं सीव्हीटी चालवतेय. दोन पुली आणि त्यांच्यामधे स्टीलचा पट्टा, पुली आतबाहेर सरकतात आणि रेशो बदलतो, त्यामुळे गिअर बदलल्याचा झटका येणार कुठून? सासूबाईंना मागच्या सीटवर चहा पीत नेता येतं. ओरडते ती तुम्ही पाय दाबून धरता तेव्हा. हळूहळू दाबा, शांत जाते. आणि ज्या सीव्हीटीला शिव्या देताय, त्यातल्या बहुतेकींमध्ये सुटताना वापरायला टॉर्क कन्व्हर्टरच असतो. तेल मात्र सीव्हीटीचंच हवं, साधं ऑटोमॅटिकचं घातलं की पट्टा घसरायला लागतो. जाता जाता, टोयोटाच्या हायब्रिडवर ई-सीव्हीटी लिहितात त्यात पट्टाच नसतो हं, त्यात प्लॅनेटरी गिअर आणि मोटर असतात. नावात सीव्हीटी, आत भलतंच.

सातवा_गिअर
ड्युअल क्लचला कोणीच नाही का, मग मी बोलतो :) स्कोडा-फोक्सवॅगनच्या कुशाक-टायगुन बघा, एकाच गाडीत १.० लिटर इंजिनला टॉर्क कन्व्हर्टर आणि १.५ ला सात गिअरचा डीएसजी, म्हणजे त्यांचा ड्युअल क्लच. दोन्ही एकाच दिवशी चालवा आणि मग सांगा. एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम, पुढचा गिअर आधीच तयार असतो, बदलला कधी ते कळतही नाही.

घाटमाथा
चालवताना मजा येते हो, पण तो ड्राय क्लचवाला आहे, म्हणजे क्लच तेलात नसतो. २०१३ साली चीनमध्ये फोक्सवॅगनला डीएसजीपायी पावणेचार लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. हिंजवडीच्या ट्रॅफिकला ड्राय क्लच म्हणजे बैलाला रेसकोर्सवर नेण्याच्या उलट.

सातवा_गिअर
२०१३ ची गोष्ट अजून किती वर्षं चालवणार! आणि ड्युअल क्लच म्हणजे ड्रायच असं नाही. टाटा अल्ट्रोझचा २०२२ मध्ये आला तो वेट क्लच आहे, तेलात बुडालेला, उष्णता तेल घेऊन जातं. सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. वॉरंटी संपल्यावरचा खर्च मात्र पोटात गोळा आणतो, ते मान्य.

गॅरेजवाला_मामा
गिअरबॉक्सचं तुम्ही बघून घ्या, मी ऑइलवर बोलतो. ३० वर्षं इचलकरंजीला गॅरेज आहे. धागाकर्ते, मॅन्युअल आम्हीपण वाचतो. ही ०डब्ल्यू-१६ आणि ०डब्ल्यू-२० पाण्यासारखी तेलं कंपन्यांनी आणली ती अ‍ॅव्हरेजचे आकडे दाखवायला, सरकारचा नियम पाळायला. तुमच्या इंजिनाच्या प्रेमापोटी नाही. टोयोटाच्या मॅन्युअलमध्येसुद्धा लिहिलेलं असतं की जास्त वेगाने किंवा भारी लोडवर चालवत असाल तर जाड तेल बरं पडू शकतं. हे का नाही कुणी सांगत?

चाकणचा_इंजिनिअर
मामा, अर्धं बरोबर बोललात आणि म्हणूनच घोळ होतो. अ‍ॅव्हरेजसाठी पातळ तेल आणलं हे खरंच आहे. पण पातळ तेल आणताना बेअरिंगची फट, ऑइल पंप, व्हॉल्व्ह टायमिंगचे हायड्रॉलिक हे सगळं त्या तेलावरच डिझाइन केलेलं असतं. आणि उन्हाळ्याचं म्हणाल तर अकोल्यात बाहेर ४५ असो की महाबळेश्वरला १०, गरम झालेल्या इंजिनात कूलंट थर्मोस्टॅटमुळे ९०च्या आसपासच राहतं, तेल थोडं वरखाली. '३०' हा आकडा १०० डिग्रीला तेल किती जाड राहतं तो आहे. त्याआधीचा ५डब्ल्यू थंडीतला. धागाकर्त्यांची सकाळची टकटक तिथूनच येतेय, २०डब्ल्यू रात्रभर खाली बसतं आणि वर चढायला वेळ लावतं.

मिनेसोटाकर
इथे जानेवारीत उणे २५ असतं, तेव्हा डब्ल्यूच्या आधीचा आकडा म्हणजे काय ते मणक्यापर्यंत कळतं. २०डब्ल्यू घातलं तर इंजिन फिरणारच नाही. पुण्यात तेवढा फरक पडायचा नाही, पण थोडा पडतोच.

गॅरेजवाला_मामा
टकटकीचं मान्य. ३० मागितलं असताना ५० टाकायला नको होतं, मी टाकलं नसतं. पण दोन लाख किमी पळालेल्या, तेल पिणाऱ्या इंजिनात ५डब्ल्यू-३० च्या जागी ५डब्ल्यू-४० टाकलं तर मी गुन्हेगार नाही.

चाकणचा_इंजिनिअर
त्याला माझीही ना नाही, मॅन्युअलच्या तक्त्यात ते चालत असेल तर. मला राग येतो तो लोक नुसता जाडपणा बघतात त्याचा. छोटी टर्बो पेट्रोल असेल तर डब्यावर एपीआय एसपी बघा. २०२० मध्ये आलेल्या या ग्रेडमध्ये कमी आरपीएमला ज्वलन वेळेआधी होऊन पिस्टन फुटायचा धोका लक्षात घेतलाय. बीएस६ डिझेलला कमी राखेचं तेल लागतं, कारण डीपीएफमधली (धुराच्या गाळणीतली) काजळी जळून जाते, तेलाची राख जळत नाही, तिथेच साठते. आणि ज्यांच्याकडे एक लिटरवाली टर्बो इकोस्पोर्ट आहे त्यांचा टायमिंग बेल्टच तेलात फिरतो, चुकीचं तेल म्हणजे बेल्टचा भुगा.

गोदाकाठ
आणि गिअरबॉक्सचं तेल? मला सर्व्हिस सेंटरला सांगितलं "लाइफटाइम आहे मॅडम".

गॅरेजवाला_मामा
कुणाची लाइफटाइम ते विचारा त्यांना. झेडएफ, म्हणजे खुद्द गिअरबॉक्स बनवणारी कंपनी, ८० हजार ते एक लाख वीस हजार किमीच्या दरम्यान बदलायला सांगते. यावर तरी इंजिनिअरसाहेब भांडणार नाहीत.

चाकणचा_इंजिनिअर
नाही भांडत. मी स्वतःच्या गाडीचं ८० हजारालाच बदललं, काळं कोळसा निघालं होतं.

सातारकर_पुण्यात
सीव्हीटीवरचं वाक्य मागे घेतो ताई, रविवारी परत एकदा चालवून बघतो, या वेळी पाय हळू. एएमटी नको यावर ठाम आहे, माझा रस्ताच तसा आहे. २०डब्ल्यू-५० उद्याच काढतो. मामा, पुण्यात तुमच्या ओळखीचं कुणी मॅन्युअल वाचणारं आहे का?

गॅरेजवाला_मामा
भाचा आहे भोसरीला. वाचतो की नाही माहीत नाही, पण तेलाचा डबा तुमच्यासमोर फोडतो.