आदिवासी मुलांना वैद्यकीय संशोधनात मार्गदर्शक नेमून द्यावा का?

वाळपईकर:
गावडा, कुणबी, वेळीप समाजांना गोव्यात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३ मध्ये. या समाजांतली मुलं आता एमबीबीएसला, नर्सिंगला दिसतात, संशोधनात मात्र क्वचितच. माझं मत स्पष्ट आहे. अशा प्रत्येक मुलाला पहिल्या वर्षापासून मार्गदर्शक ठरवून द्यावा आणि त्या शिक्षकाचे तास ड्युटीत धरावेत. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, म्हणजे विद्यार्थ्यांच्या छोट्या संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, १९७९ पासून चालू आहे. पण तिच्या अर्जालाच गाइड लागतो आणि पैसे मिळतात अहवाल मंजूर झाल्यावर. तोवर बसभाडं, झेरॉक्स कुणी भरायचं? ज्याच्या नात्यात कुणी डॉक्टर नाही, तो गाइडकडे जायलाच कचरतो.

ओपीडीवाला:
तळमळ पटते, उपाय नाही. सकाळी ओपीडी, मग वॉर्ड, मध्ये लेक्चर. गळ्यात बांधलेला मार्गदर्शक सहीपुरताच उरतो. शिवाय यादी लावून मुलं वेगळी काढली की वर्गात त्यांच्यावर शिक्का बसतो. दार सगळ्यांना उघडं ठेवा, ज्याला ओढ आहे तो येईलच.

सत्तरीची नर्स:
डॉक्टर, ओढ असूनही न आलेली मुलं मी पाहिली आहेत. आणि ती येत नाहीत त्यात नुकसान संशोधनाचंही आहे. आमच्या सत्तरीतला माकडतापच घ्या. गोचिडीतून पसरणारा रोग, आणि काजूचा हंगाम चालू असतानाच त्याचा जोर. बाहेरून आलेला विचारतो, "रानात गेला होता का?" एवढ्यावर फॉर्म भरून मोकळा. इथली पोर पुढे विचारेल: काजूचे बोंडू कोण वेचतं? गोठ्यात पसरायला पातेरा, म्हणजे रानातला सुका पाला, कोण आणतं? पातेरा घरात आला की गोचीडही येऊ शकते. बाई स्वतः रानात गेलेली नसली तरी धोका आहेच. हे प्रश्न सुचायला त्या घरात वाढावं लागतं.

केपेकर:
ताई, अगदी खरं. पण म्हणूनच मला या योजनेची भीती वाटते. एका प्रकल्पात माझ्या भावानं पूर्ण उन्हाळा वाडे दाखवले, लोकांना समजावून रक्ताचे नमुने मिळवून दिले. शोधनिबंध छापून आला, त्यात त्याचं नाव आभारातसुद्धा नाही. मार्गदर्शनाच्या नावाखाली फुकट राबणारी पोरं हवी असतील तर योजना नकोच. लेखकांत नाव कधी लागणार, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवा.

वाळपईकर:
केपेकर, ही अट मान्य, शंभर टक्के. ओपीडीवाले, वेळेचं म्हणाल तर पर्वरीच्या ‘संगात’ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचं काम आठवा. वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिकांना त्यांनी समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. नैराश्य आणि चिंताविकारांवरच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. तिथे शिकवणं आणि देखरेख हा कामाचाच भाग होता, उरल्या वेळात केलेला उपकार नव्हता.

ओपीडीवाला:
तास खरोखर ड्युटीत धरले तर दोन विद्यार्थी मी आजच घेईन. यादीला मात्र विरोध कायम. घरातला पहिला पदवीधर ही अट ठेवा, मग तो कुठल्याही समाजाचा असो.

वाळपईकर:
ती अट जोडा, जमातीच्या जागी आणू नका. ज्या वेळीप मुलीचा बाप कसाबसा बीए होऊन गावात शिक्षक झाला, ती तुमच्या अटीत बसतच नाही. आणि संशोधनाच्या खोलीत तिच्या ओळखीचं आजही कुणी नाही.