टेम्पलेट : साचा, नमुना, की कोरा नमुना?

काळी माती
राजेहो, एका शब्दावर अडलो आहे. यवतमाळ जिल्ह्यात शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका वर्कशॉपसाठी मी मराठीतून टिपणं लिहितो आहे. आयटीआय आणि पॉलिटेक्निक झालेली तालुक्यातली पोरं तिथं ट्रॅक्टरच्या पंजीचं (कल्टिव्हेटरचं) संगणकावर सिम्युलेशन करतात. पाच फणांची, सात फणांची, नऊ फणांची, अशी वेगवेगळी पंजी असते. पण दरवेळी मॉडेल नव्यानं उभं करत नाहीत. एकदा नीट बांधून ठेवलेली फाईल उघडायची, फणांची संख्या, दोन फणांतलं अंतर, पाइपची जाडी आणि फणाच्या टोकावरची ओढ एवढं बदलायचं. जाळी (गणितासाठी मॉडेलचे पाडलेले बारीक तुकडे), आधार, ताणाची रंगीत चित्रं, अहवाल हे सगळं त्या फाईलमध्ये आधीच ठरलेलं.

पोरं तिला टेम्पलेट म्हणतात. मी 'साचा' लिहिलं, तर एकानं विचारलं, "सर, ओतकामाचा का?" बाजूच्या शेडमध्ये खरोखरचे साचे पडलेले आहेत, त्यामुळे त्याचा प्रश्न रास्त आहे. काय लिहावं?

जुनी फाईल
साचाच लिहा. मराठी विकिपीडियावर टेम्पलेटसाठी कित्येक वर्षांपासून 'साचा' रुळला आहे, पानाच्या नावाआधीच 'साचा:' असं असतं. तिथं माहितीचौकटीच्या साच्यात गावाचं नाव, जिल्हा, लोकसंख्या भरतात आणि कोणाला वीटभट्टी आठवत नाही. वापरानं अर्थ बसतो.

वैनगंगाकाठ
विकिपीडियावर बसला, मान्य. पण शब्दाची मूळ ओढ कुठं आहे ते पाहा. साच्यातून निघालेली प्रत्येक वीट सारखी. सारखी नसेल तर साचा बिघडला म्हणतात. 'साचेबंद' हा शब्द आपण कौतुकानं कधीच वापरत नाही. काळी मातीभाऊंच्या फाईलमधून मात्र दर खेपेला वेगळी पंजी निघावी हीच अपेक्षा आहे.

कोणी 'मूस' सुचवण्याआधीच सांगतो : मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं. 'एकाच मुशीतून घडलेले' म्हणताना लोक तिला साचा समजतात, सोनाराला विचारा तो हसेल. 'कित्ता'ही नको. कित्ता गिरवायचा असतो, त्यात आपलं काही भरायचं नसतं.

रुमणं
काहून एवढे परेशान होता बाप्पा? शब्द तुमच्या घरातल्या ट्रंकीत पडला हाये. सातबारा काढा. सातबारा म्हंजे काय, तं गाव नमुना सात आन् गाव नमुना बारा. साताले अधिकार अभिलेख म्हंतेत, बाराले पिकाची नोंदवही. नमुना आठ-अ वेगळा. तलाठ्याच्या दप्तरात असे एक ते एकवीस नमुने हायेत. रकाने छापलेले, नावं आन् आकडे आपापले. कास्तकाराले 'नमुना' म्हटलं का समजते का यात काही भरा लागते. तुमची पंजीची फाईल म्हंजे नमुनाच झाला ना?

काळी माती
रुमणंभाऊ, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण एक अडचण आहे. याच पोरांना 'मातीचा नमुना' प्रयोगशाळेत द्यायचा असतो, पोलादाच्या पट्टीचा नमुना ताणून तोडायचा असतो. शिवाय 'नमुना फाईल' म्हटलं की पोरांना वाटतं, सोडवून दाखवलेलं उदाहरण आहे. मग त्यातले आकडे ते तसेच ठेवतात. माझ्या कामात ते फार महाग पडेल.

वैनगंगाकाठ
मग 'कोरा नमुना' म्हणा. तहसीलमध्ये अर्ज करताना 'कोरा नमुना कुठं मिळेल' असं लोक विचारतातच, नवीन काही घडवावं लागत नाही. भरला की तो 'भरलेला नमुना'. आणि बदलायच्या जागांना 'रकाना' म्हणा. परिभाषेत 'प्राचल' (पॅरामीटर) आहे, गणितात तो चालतोही. पण "पाइपच्या जाडीचं प्राचल बदल" असं वर्कशॉपमध्ये कोणी बोलणार नाही. "जाडीचा रकाना भर" बोलतील.

वर्धा लाईन
मी मूळचा पुलगावकडचा, आता पुण्यात गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करतो. 'कोरा नमुना' सगळीकडे पुरणार नाही, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे अ‍ॅडम्स कार हे गाडीच्या हालचाली तपासणारं सॉफ्टवेअर वापरतात. त्यात टेम्पलेट हा नेमक्या अर्थाचा शब्द आहे. टेम्पलेटमध्ये कोणते भाग आहेत, कोणता भाग कोणाला कोणत्या सांध्यानं जोडला आहे, हे ठरतं. डबल विशबोन या प्रकारच्या सस्पेन्शनचं टेम्पलेट म्हणजे वरचा हात, खालचा हात, नकल (चाक बसतं तो भाग) आणि त्यांच्यामधले सांधे. त्यात सांध्यांच्या जागा दाखवणाऱ्या बिंदूंचे आकडेही असतात, पण ते फक्त जागा धरून ठेवायला. त्यावरून सबसिस्टिम बनते; तिथं बिंदूंचे खरे सहनिर्देशक आणि स्प्रिंग-डँपरच्या खऱ्या फायली येतात. अशा सबसिस्टिम आणि चाचणीचा रिग मिळून असेंब्ली होते. एकाच टेम्पलेटवरून दोन वेगळ्या गाड्यांच्या सबसिस्टिम निघू शकतात. सबसिस्टिममध्ये बसून तुम्ही बिंदू हलवू शकता, नवा सांधा घालू शकत नाही. त्यासाठी टेम्पलेट बिल्डरमध्ये जावं लागतं, आणि साध्या वापरकर्त्याला ते दार बंद असतं.

इथं 'नमुना' मला पातळ वाटतो. हाडं कशी जोडली आहेत हेच ज्यात ठरलं, त्याला मी 'सांगाडा' म्हणेन.

जुनी फाईल
पण काळी माती यांच्याकडे पंजीच्या फ्रेमलाच सांगाडा म्हणत असतील. "सांगाड्याचा सांगाडा उघड" असं होईल.

काळी माती
म्हणतातच. सांगाडा बाद. मात्र वर्धा लाईन यांनी जो भेद दाखवला तो हवा आहे. काय भरायचं आणि काय हलवायचं नाही, हे दोन्ही शब्दांत दिसलं पाहिजे. 'कोरा' म्हटलं की सगळंच आपल्या हातात आहे असं वाटतं, आणि टेम्पलेट इतकं कोरं कधीच नसतं.

दोन उदाहरणं देतो. अ‍ॅन्सिस मेकॅनिकल या ताण-वाक काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भाग आणला आणि साहित्य सांगितलंच नाही, तर तो 'स्ट्रक्चरल स्टील' धरला जातो : ताठरपणा 200 गिगापास्कल, पॉयसन गुणोत्तर 0.3, घनता 7850 किलो प्रति घनमीटर. बाभळीचं रुमणं (नांगराची मूठ) आणून ठेवा, गणितात ते पोलादाचंच. उत्तर येतं, रंग छान दिसतात, वाक अगदी थोडा.

दुसरं अ‍ॅबॅकसचं. तेही तसंच सॉफ्टवेअर. ते एककं विचारतच नाही; तुम्ही सुसंगत आकडे द्यायचे. टेम्पलेट मिलिमीटर, न्यूटन आणि टन या संचात बांधलेलं असेल तर पोलादाची घनता 7.85 × 10⁻⁹ अशी लिहावी लागते. पोरानं पुस्तकातला 7850 आणून टाकला की वस्तुमान 10¹² पट, म्हणजे एक लाख कोटी पट झालं. गंमत अशी की स्थिर भार आहे आणि गुरुत्व लावलेलं नाही, तर ताणाच्या चित्रात यातलं काहीच दिसत नाही, कारण तिथं घनता लागतच नाही. तीच फाईल कोणी कंपनाच्या वारंवारता काढायला घेतली की उत्तर खऱ्याच्या दहा लाखाव्या भागाइतकं येतं.

पंजीचंही तसंच. टेम्पलेट बांधणाऱ्यानं ओढ फक्त मागच्या दिशेनं लावून ठेवली असेल, तर एक फण दगडाला अडून फ्रेम पिळते ती अवस्था त्यात कधीच तपासली जात नाही. ओढीच्या रकान्यात कितीही मोठा आकडा भरा, दिशा तीच.

रुमणं
म्हंजे मी फुकटात पोलादाचा झालो! बरं झालं, उधई लागणार नाही.

पण भाऊ, याचंही उत्तर सातबाऱ्यातच हाये. त्याच्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना रायते. कर्जाचा बोजा, वाटेचा हक्क, असं तिथं लिहेल असते. वावर इकत घेनारा जानता मानूस मालकाच्या नावासंगं तो रकाना पयले वाचते. तुमच्या फायलीत तसा एक रकाना पाडा ना. भरनाऱ्याच्या आंधी बांधनाऱ्यानं काय काय धरून ठेवलं ते तिथं लिवाचं.

वैनगंगाकाठ
व्वा. फक्त टिपणात 'इतर हक्क' लिहू नका, पोरं गोंधळतील. 'गृहीतं' हा शब्द शाळेतल्या भूमितीपासून ओळखीचा आहे. दोन याद्या होतील : रकाने आणि गृहीतं. रकाने पोरानं भरायचे, गृहीतं बांधणाऱ्याला विचारल्याशिवाय हलवायची नाहीत.

जुनी फाईल
आणि मूळ फाईलचं नाव? याद्यांवर एकमत झालं, शब्द राहूनच गेला.

काळी माती
मी असं ठरवतोय. टिपणात 'टेम्पलेट' हाच शब्द ठेवतो. पोरांच्या तोंडी आहे आणि सॉफ्टवेअरच्या मेनूत तोच दिसतो. पहिल्यांदा येईल तिथं एक ओळ : "टेम्पलेट म्हणजे रकाने मोकळे आणि गृहीतं बांधलेली अशी फाईल." आकडे भरून वेगळ्या नावानं जतन केलेल्या फाईलला 'भरलेला नमुना' म्हणेन. 'साचा' ओतकामाच्या शेडला परत देऊन टाकतो.

वर्धा लाईन
चालेल. पण लिंग कोणतं? आमच्याकडे 'तो टेम्पलेट', 'ती टेम्पलेट', 'ते टेम्पलेट' तिन्ही चालतं, एकाच मीटिंगमध्ये.

वैनगंगाकाठ
नपुंसकलिंगी ठेवा, काळी माती यांनी वर न ठरवताच तसं लिहिलं आहे. अनेकवचनही 'टेम्पलेटं' असं सरळ होतं. 'टेम्पलेट्स' नको, मग त्याला प्रत्यय लावताना 'टेम्पलेट्सला' की 'टेम्पलेट्सना' हा वाद सुरू होतो.

रुमणं
आमच्याकडं पोरं 'टेम्पलेटा' म्हंतेत. "सर, दोनी टेम्पलेटा उघडल्या." तुम्ही काहीही लिवा, ते तसंच म्हननार.

काळी माती
म्हणू द्या. टिपणात 'टेम्पलेटं' लिहितो. त्यांनी गृहीतांची यादी भरली म्हणजे झालं. पंजीच्या फाईलची यादी आज रात्री करायला घेतो. ओढीची दिशा पहिल्या ओळीत, एककं दुसऱ्या.