टोटोरोत 'घडत' काय?
'माय नेबर टोटोरो' या जपानी अ‍ॅनिमेशनपटामध्ये खलनायक नाही, धड गोष्टही नाही, मग लोक पुन्हा पुन्हा काय बघतात, असं कुणीतरी विचारलंय. गोष्ट आहे की! दोन बहिणींची आई दवाखान्यात आहे आणि ती कधी बरी होणार हे कुणी नीट सांगत नाही. खलनायकापेक्षा ही भीती लहान मुलांना जास्त कळते. तोवर शहाण्यासारखी वागणारी थोरली सात्सुकी शेजारच्या आजीसमोर एकदम हमसून रडते, तिथे माझाही दरवेळी निकाल लागतो.

आणि तो बस स्टॉप! पाऊस, सात्सुकीच्या पाठीवर झोपलेली धाकटी मेई, आलेल्या बसमधून बाबा उतरलेच नाहीत. शेजारी डोक्यावर पान ठेवून टोटोरो, म्हणजे जंगलातला तो भलामोठा केसाळ प्राणी, येऊन उभा राहतो. सात्सुकीकडून त्याला छत्री मिळते, तिच्यावर थेंबांचा टपटप आवाज होतो आणि स्वारी खूश. आणखी आवाज हवा म्हणून तो उडी मारतो, तर झाडांवरचं सगळं पाणी एकदम खाली! बराच वेळ कुणी काही बोलत नाही. आजच्या किती सिनेमांची एवढं गप्प राहायची हिंमत होईल?

एक गंमत म्हणजे, १९८८ साली जपानमध्ये हा सिनेमा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'च्या जोडीने एकाच तिकिटात दाखवला होता. युद्धात होरपळलेल्या भावंडांची ती गोष्ट नंतर लागली असेल, तर त्या प्रेक्षकांचं घरी जाताना काय झालं असेल देव जाणे.

फक्त शेवट घाईत उरकलाय, हे मात्र मान्य.