शेजारच्या हॉस्टेलचा कोळशाचा बंब आणि गल्लीतला धूर: सुरुवात कुठून करायची?

साखरपेठकर
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. आमचं घर सोलापुरात साखर पेठेत, जुनं, दोन मजली. मागच्या बाजूला तीन वर्षांपूर्वी मुलांचं एक खासगी हॉस्टेल झालंय, साठेक पोरं राहतात आणि त्यांच्या आंघोळीच्या पाण्यासाठी अंगणात दगडी कोळशावरची मोठी टाकी बसवलीय. पहाटे साडेचारला पेटते. धुराडं नेमकं आमच्या वरच्या मजल्याच्या खिडकीला समोरासमोर. उन्हाळ्यात एवढं जाणवत नाही पण दिवाळी सरली की जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उठेपर्यंत धूर वर जातच नाही, बोळात पांघरूण घातल्यासारखा बसून राहतो आणि आठ-साडेआठला ऊन चढलं की मग हलतो. आईनं रात्री दोरीवर टाकलेली चादर सकाळी काढताना बोट फिरवलं की काळी रेघ उठते, आणि ती झटकून जात नाही, तेलकट असते. धाकटी सहा वर्षांची आहे, गेल्या दोन हिवाळ्यांत तिला चार वेळा वाफ द्यायला न्यावं लागलं.

आता खरं सांगायचं तर नुसतं हॉस्टेलला बोलून भागणार नाही. एका सकाळी मी गच्चीवर उभं राहून मोजले, आमच्या एकट्या बोळात अकरा बंब पेटलेले होते. गेल्या वर्षापर्यंत आमचाही होता. म्हणजे तक्रार करायला गेलो की पहिला प्रश्न हाच येणार की तुमच्या घरातला धूर काय अत्तर होतं का. बाहेरच्या देशांत घरं कोळशावर गरम करायचे, तिथली शहरं यातून बाहेर आली असं वाचतो. त्यांनी नक्की काय केलं आणि त्यातलं आपल्याकडं काय चालेल? भांडण न होता हे कसं सोडवायचं, कुणी केलं असेल तर सांगा.

बॉयलरवाला_अण्णा
दादा, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत डाईंगच्या बॉयलरवर बावीस वर्षं काढली, धूर बघून आत काय चाललंय ते सांगतो. काळा धूर म्हणजे कोळसा जळलाच नाही, तुमच्या चादरीवर येऊन बसला. कारणं ठरलेली असतात. कोळसा ओला, रात्रभर उघड्यावर पडलेला. पोरगं एकदम चार घमेली टाकतं आणि झोपायला जातं, त्यामुळं खालचा विस्तव दबून जातो. हवेची झडप बंद. आणि पेटवायला काय वापरलालेत ते बघा, लूमच्या चिंध्या असतील तर त्यात पॉलिस्टरचा धागा असतो, तो वास वेगळा, डोळ्यात चरचरतं.

हिशोब सांगतो. साठ पोरं, एकेक बादली, वीस लिटरची धरा, म्हणजे बाराशे लिटर. नळाचं पाणी वीस डिग्री, आंघोळीला पंचेचाळीस. झाले ३०,००० किलोकॅलरी. असल्या गावठी भट्टीत कोळशातली तिसऱ्या हिश्श्याचीसुद्धा उष्णता पाण्यात जात नाही, बाकी धुराड्यातून वर. किलोमागे ४,००० किलोकॅलरी देणारा साधा कोळसा धरला तर रोज जवळजवळ २५ किलो लागणार. तेच पाणी गीझरनं तापवलं तर ३५ युनिट आणि हीट पंप बसवला तर बारा-तेरा युनिटमध्ये काम होतं, कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून पाण्यात घालतो आणि सोलापूरची हवा थंडीतसुद्धा त्याला पुरेशी गरम असते. मालकाला हे कागदावर लिहून द्या, त्याच्या बिलावरचा दर बघून त्यालाच गुणाकार करू द्या.

आमच्या कारखान्यातपण कोळसाच जळतो, नाही म्हणत नाही. पण तिथं चिमणी उंच, धुरातली राख गरगर फिरवून वेगळी काढणारा सायक्लोन आहे, बारीक धूळ अडवणारा कापडी बॅग फिल्टर आहे, आणि शिफ्टला एक माणूस नुसता आगीकडं बघायला असतो. अंगणातल्या टाकीला यातलं काहीच नाही. म्हणून कोळसा थोडा असला तरी त्रास जास्त, कारण तो तुमच्या नाकाच्या उंचीवर सुटतो.

क्राकूवहून_सोलापूरकर
अण्णांनी शेवटी जे लिहिलंय ना तीच क्राकूवची सगळी गोष्ट आहे. मी २०१७ ला पोलंडमध्ये आलो, जुन्या बिल्डिंगमध्ये खोली घेतली होती, कोपऱ्यात छतापर्यंत गेलेली फरशांची शेगडी, मालकीणबाई बादलीतून कोळसा आणून टाकायच्या. जानेवारीत संध्याकाळी खिडकी उघडली की घशात धूर जायचा आणि लोक मास्क लावून ट्रामला उभे असायचे, हे कोरोनाच्या आधीचं सांगतोय. शहर खोलगट जागेत आहे, वारा कमी. थंडीत जमिनीलगतची हवा गार होते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं, धूर त्याच्याखाली कोंडतो. तुमच्या बोळात पहाटे तेच होतंय.

तिथं सुरुवात सरकारनं नाही, रहिवाशांनी केली, २०१२ च्या सुमाराला. पहिला बंदीचा ठराव कोर्टात पडला, मग कायदा बदलून घेतला, जानेवारी २०१६ मध्ये नवा ठराव झाला आणि बंदी लागू झाली १ सप्टेंबर २०१९ पासून, कोळसा आणि लाकूड दोन्हीवर. मधली साडेतीन वर्षं महत्त्वाची आहेत. त्या काळात महापालिकेनं शेगडी काढून गॅस किंवा शहराच्या गरम पाण्याच्या पाइपलाइनला जोडायला पैसे दिले, लवकर येणाऱ्याला जवळपास पूर्ण खर्च आणि उशीर करणाऱ्याला कमी. ज्यांचं बिल वाढलं आणि परवडत नव्हतं त्यांना बिलासाठी वेगळी मदत. आता बंदी मोडली तर पालिकेचे गार्ड घरी येऊन शेगडीतली राख तपासायला नेतात. त्या पाइपलाइनचं बरंचसं गरम पाणी कोळशावरच्या वीज केंद्रातूनच येत होतं बरं का. कोळसा संपला नव्हता, हजारो छोट्या धुराड्यांतून निघून एका उंच, फिल्टर असलेल्या चिमणीखाली गेला होता, तेवढ्यानंसुद्धा गल्लीतली हवा बदलली. मी स्वतः अनुभवलंय, खिडकीच्या कठड्यावरची काजळी एका हिवाळ्यात पातळ झाली.

पण आजूबाजूच्या गावांत तेव्हा बंदी नव्हती, तिथला धूर शहरात यायचाच. हद्दीबाहेरच्या वस्त्या सोडून चालत नाही.

रोखठोक_सोला
एवढं कशाला, सरळ बंदी घाला ना. एक तारीख द्यायची, त्यानंतर पेटवला की दंड. आपल्याकडं दंडाशिवाय कोण ऐकतं?

अक्का_भवानीपेठ
मुलीच्या फोनवरून बोलून लिहितेय, चुकलं तर समजून घ्या. दंड कुणाला करणार भाऊ? बंब पेटवतं कोण, पाचला उठून? बाईच उठते. मी विड्या वळते, दिवसभर तंबाखूची धूळ नाकात आणि सकाळी बंबाचा धूर, मला हौस नाही त्याची. सिलेंडर आहे घरात, पण तो स्वयंपाकापुरता पुरवून पुरवून वापरायचा असतो. सात माणसांच्या आंघोळीला त्याच्यावर पाणी तापवलं तर महिन्याच्या आत संपतो. बंबाला काय लागतं, गावाकडनं आलेल्या तुराट्या, लूमवरच्या चिंध्या, पुठ्ठे, नारळाच्या करवंट्या. फुकट. कोळशाच्या वखारीतनं मी काही आणत नाही, मग उद्या कुणी वखारी बंद केल्या तरी माझा धूर बंद होणार नाही. आधी माझ्या मोरीत गरम पाणी आणून द्या, तांब्याचा बंब मी त्याच दिवशी मोडीत घालीन, सासूबाईंचा असला तरी.

सोलरचं सगळे सांगतात. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते पिंपात आणि हंड्यात भरून ठेवतो, पत्र्यावर टाकी ठेवायची कुठं आणि त्यात पाणी चढवायचं कुणी? सोलरला रोज टाकीत पाणी लागतं ना?

आणि एक, बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवतात, ओव्याची धुरी देतात. माझ्या पुतणीच्या वेळी खोलीचं दार, खिडकी, सगळं लावून घेतलं होतं, वारं लागू नये म्हणून. थोड्या वेळात तिचं डोकं गरगरायला लागलं, उलटी झाली, नशीब की तिची आई आत गेली आणि तिनं दार उघडलं. हे पण कुणीतरी लिहा.

वकीलताई_सोलापूर
अक्का, बरं झालं तुम्ही लिहिलंत, हे प्रत्येक घरात माहीत पाहिजे. निखारे लाल झाले, धूर थांबला म्हणजे धोका गेला असं वाटतं, पण त्याच वेळी कार्बन मोनॉक्साइड तयार होत असतो, त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच ठेवू नये, शेक द्यायचा तर गरम पाण्याची पिशवी घ्या. मंगोलियात उलानबातरला मे २०१९ पासून कच्च्या कोळशावर बंदी आली आणि त्याऐवजी प्रक्रिया केलेल्या कांड्या दिल्या, धूर कमी झाला पण त्या कांड्यांच्या गॅसनं घरांत माणसं दगावली. धूर दिसत नाही म्हणजे हवा चांगली, असं नाही.

रोखठोक दादा, तारखेचं म्हणाल तर चीनचं २०१७ बघा. बीजिंगच्या आसपासच्या गावांत कोळशाच्या शेगड्या काढून टाकल्या, गॅस वेळेत पोचला नाही, हेबेई प्रांतात शाळेतली पोरं वर्गात थंडी म्हणून बाहेर उन्हात बसून शिकत होती आणि डिसेंबरमध्ये सरकारला पुन्हा कोळसा जाळायला परवानगी द्यावी लागली. उलट लंडनमध्ये १९५२ च्या डिसेंबरात कोळशाच्या धुराच्या धुक्यानं चार हजार माणसं गेली (नंतरचे अंदाज बारा हजारांपर्यंत जातात), तेव्हा १९५६ च्या कायद्यात धूरबंदीचे भाग ठरवले आणि त्याच कायद्यात शेगडी बदलायच्या खर्चाचे दहातले सात हिस्से घरमालकाला परत द्यायची सोय केली. डब्लिननं वेगळी वाट धरली. १ सप्टेंबर १९९० पासून धुराचा कोळसा विकण्यावरच बंदी, घराघरांत जाऊन तपासणीच नको. हवेतला काळा धूर साधारण सत्तर टक्क्यांनी उतरला आणि श्वसनाच्या आजारांचे मृत्यू कमी झाले.

आपल्याकडं हवा कायदा १९८१ चा आहे, त्याच्या कलम १९ प्रमाणे राज्य सरकार प्रदूषण मंडळाशी सल्लामसलत करून ठरावीक भागात एखादं इंधन बंद करू शकतं, आणि चिंध्या-प्लॅस्टिकसारखं जे इंधनच नाही ते जाळणंही थांबवू शकतं. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सोलापूरचं नाव आहे, त्यामुळं पालिकेकडं अर्ज करताना त्याचा उल्लेख जरूर करा. पण माझं मत विचाराल तर आधी हॉस्टेल. तो धंदा आहे, कोळसा विकत आणतो, त्याच्याकडं गच्ची आहे. अक्कांच्या मोरीत पोचायला वेळ लागेल आणि तिथं दंड घेऊन जाणाऱ्याच्या बाजूनं मी उभी राहणार नाही.

क्राकूवहून_सोलापूरकर
ताईंशी पूर्ण सहमत. दादा, हॉस्टेलच्या सोलरचा आकडाही काढून देतो. पाणी साठ डिग्रीला तापलं तर त्यात गार मिसळायचं असतं, म्हणून बाराशे लिटरला साधारण ७५० लिटर गरम पाणी पुरतं, हजार लिटरची सिस्टीम धरा. बोअरचं पाणी जड असेल तर तांब्याच्या नळीवाल्या प्लेटमध्ये क्षार बसतात, काचेच्या नळ्यांची घ्या. पावसाळी दिवसांना मागे हीट पंप. आपल्याला घर तापवायचं नाहीये, फक्त पाणी तापवायचंय आणि ऊन वर्षातले बहुतेक दिवस फुकट आहे, क्राकूवला यातलं काहीच नव्हतं.

साखरपेठकर
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः अक्का तुमचे. काल संध्याकाळी अण्णांचा हिशोब वहीच्या पानावर उतरवून हॉस्टेलच्या मालकांकडं गेलो. सोबत शेजारचे दोन काका होते, आवाज कुणीच चढवायचा नाही असं ठरवूनच गेलो होतो. २५ किलोचा आकडा बघून ते गप्पच झाले, म्हणाले पन्नास किलोचं पोतं बरोबर दोन दिवस जातं. त्यांना वाटायचं कोळसा स्वस्त पडतो, पण पहाटे भट्टीवरच्या पोराचा पगार त्यांनी कधी त्यात धरलाच नव्हता. सोलर आणि हीट पंप दोन्हींचे भाव मागवतो म्हणालेत, लेखी काही नाही, पण माझी मुलगी सोबत होती, तिच्याकडं बघून त्यांनी स्वतःच विचारलं की हिला खोकला याच्यामुळं का.

अक्कांचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीये. मी मालकांना विचारलं की सोलर बसलाच तर दुपारनंतरचं उरलेलं गरम पाणी बोळातल्या घरांना बादलीनं नेऊ देणार का. बघू म्हणाले. आमच्या घरी गेल्या वर्षी गीझर आलाय, तेव्हापासून बंब माळ्यावर आहे, तर शेजारच्या आजींना सकाळच्या दोन बादल्या आम्ही आमच्याकडून देणार आहोत, एक बंब तरी कमी होईल. भाव येईपर्यंत भट्टी पेटणारच आहे, अण्णा, तोवर धूर कमी करायला काय सांगू त्या पोराला?

बॉयलरवाला_अण्णा
खाली कोळसा रचायचा, त्याच्यावर सुकी लाकडं, आणि पेटवायचं वरून. विस्तव वरून खाली सरकत येतो, कोळशातनं निघणारा धूर जाळातनंच जातो आणि जळतो. झडप पहिला अर्धा तास पूर्ण उघडी. पुढं घालायचा तर एकेक फावडं, पसरून, विस्तव झाकायचा नाही. चिंध्या अजिबात नकोत. पोराला ओरडू नका, त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. परवा रविवारी मला सुट्टी आहे, साडेचारला येतो तुमच्याकडं, दोघं मिळून एकदा त्याच्यासमोर पेटवून दाखवू. शनिवारी रात्रीच कोळसा आत घेऊन झाकून ठेवायला सांगा, दव पडलालंय.