मदत हवी आहे: लंडन–टोकियो विमानात नेमके किती तास?

आई (वय 72) फेब्रुवारीत एकटी लंडनहून टोकियोला जाणार आहे, एप्रिलमध्ये परत. थेट विमान आहे. तिला एक गोळी दर 12 तासांनी घ्यावी लागते, म्हणून हिशोब करायला बसलो आणि डोकं गरगरलं.

नेटवर अंतर मिळालं साधारण 9,600 किमी. ताशी 900 ने भागलं तर पावणेअकरा तासही होत नाहीत. तिकीट म्हणतं, जाताना दुपारी 13:00 ला निघून दुसऱ्या दिवशी 11:45 ला पोहोच. म्हणजे पावणेतेवीस तास? येताना 11:00 ला निघून त्याच दिवशी 17:30 ला लंडन. साडेसहा तास! टोकियो 9 तास पुढे आहे एवढं कळतं. ते धरूनही जाताना पावणेचौदा आणि येताना साडेपंधरा येतात. एवढा फरक कसा? कुठे चुकतंय?

प्रतिसाद:
येतानाचे 9 चुकले. मार्चच्या शेवटच्या रविवारी लंडनची घड्याळं एक तास पुढे जातात, जपानची जात नाहीत. एप्रिलमध्ये फरक 8 च. म्हणजे येताना साडेचौदा. जातानाचं बरोबर आहे. आणि ही वेळ विमानतळाच्या गेटपासून गेटपर्यंतची असते, धावपट्टीवर रांगेत उभं राहणंही त्यात आलं.

प्रतिसाद:
9,600 चा आकडा खोटा नाही, पण त्या वाटेने आता विमान जात नाही. पृथ्वीगोलावर लंडन ते टोकियो दोरा ताणून बघा, स्कँडिनेव्हिया आणि सायबेरियावरून जातो. 2022 पासून बहुतेक युरोपीय कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, जपानी कंपन्याही ती वाट टाळतात. पूर्वी हाच प्रवास साधारण बारा तासांत व्हायचा. आता जाताना बहुतेकदा तुर्कस्तान, मध्य आशिया, चीन असा दक्षिणेचा वळसा. येताना बरेचदा उलट्याच दिशेने: पॅसिफिक, अलास्का, आर्क्टिक, ग्रीनलंड! जपानवर उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. पूर्वेकडे निघालं तर तोच वारा पाठीशी. तेव्हा किलोमीटर भागत बसू नका, तिकिटावरचा एकूण प्रवासवेळ तेवढा धरा.

गोळीचं डॉक्टरांना विचाराच. पण आईंना एक साधं मनगटी घड्याळ द्या आणि विमान उतरेपर्यंत त्याचे काटे हलवू नका म्हणावं. फोन मध्येच स्वतःहून वेळ बदलू शकतो, तिथेच घोटाळा होतो.

मूळ प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. दोरा खरंच ताणून पाहिला, आईने शिवणाच्या डब्यातला लाल काढून दिला. सायबेरियावरून गेल्यावर तिने विचारलं, "मग इथून का नाही नेत?" डॉक्टर म्हणाले, जाताना-येताना दोन्ही वेळा निघालेल्या शहराच्याच वेळेने घ्या, पोहोचल्यावर काय करायचं ते लिहून दिलंय. जुनं किल्लीचं घड्याळ सापडलं, चालतंय.

आता तिचा नवा हट्ट: येताना ग्रीनलंडचा बर्फ बघायचाय. खिडकी डावीकडची घ्यावी की उजवीकडची?

प्रतिसाद:
वाट रोज वाऱ्याप्रमाणे बदलते, त्यामुळे बाजू सांगता येणार नाही. पंखाच्या मागची घ्या, एवढंच. आणि तेव्हा झोपू नका म्हणावं!